उन्हात बसवलेला ड्रॅगन

पाऊस लांबला की उत्तर चीनमधल्या खेड्यांत आधी विनवणी व्हायची. ड्रॅगनराजाच्या देवळात उदबत्त्या, नैवेद्य, उपासतापास. तेवढ्यानं आभाळ हललं नाही तर गावातले बाप्ये देवळात शिरत, ड्रॅगनराजाची मूर्ती उचलत आणि भर दुपारी उघड्या माळावर नेऊन ठेवत. बस आता उन्हात, आमची पिकं कशी करपतात ते तुलाही कळू दे. कुठे मूर्तीला छड्या मारत. कुठे ज्या डोहात ड्रॅगनचा वास मानलेला, त्यात वाघाची हाडं टाकत. वाघाचं आणि ड्रॅगनचं हाडवैर, तेव्हा तो खवळून वर येणार, आणि तो वर आला की मागोमाग ढग आलेच.

हूक नावाच्या फ्रेंच मिशनऱ्यानं १९व्या शतकात एक किस्सा लिहून ठेवला आहे. चिआचिंग बादशहाच्या काळात मोठा दुष्काळ पडला. सगळे विधी करूनही ड्रॅगन बधेना. बादशहानं फर्मान काढलं आणि त्याला साम्राज्याच्या पार पश्चिम टोकाला, ईली नदीच्या मुलखात, कायमचं हद्दपार केलं. गुन्हेगार ड्रॅगनची रवानगीही झाली. मग दरबारातल्या बड्या मंडळींनी गुडघे टेकून रदबदली केली, तेव्हा कुठे माफी मिळाली. हूकनं हे चिनी लोकांच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगितलं आहे. बीड जिल्ह्यातल्या माणसाला त्यात हसण्यासारखं फारसं सापडणार नाही.

आपण तरी वेगळं काय करतो? मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या, की गावोगाव महादेवाच्या गाभाऱ्याचं दार लिंपून आत पाणी भरतात आणि पिंड बुडवून ठेवतात. देव पाण्यात घातला, आता त्यानं गुदमरून तरी काही हालचाल करावी. एखाद्या पोराला लिंबाच्या डहाळ्या गुंडाळून धोंडी करतात, मुसळाला बेडूक बांधतात, आणि दारोदारी आयाबाया त्या पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात. वर पीठ, मीठ, डाळ. पाण्याचा दुष्काळ असताना पाणी ओतायचं, यात एक प्रकारचा हिशेब आहे: आमच्याकडे होतं त्यातलं आम्ही दिलं, आता तुझी पाळी. योगायोग असा की इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या तोंग चोंगशू या हान विद्वानाच्या नावावर असलेल्या ग्रंथात पाऊस मागण्याचा जो विधी आहे, त्यातही पोरं आहेत आणि बेडूकही आहेत. वसंतात हिरव्या, उन्हाळ्यात लाल अशा मातीच्या ड्रॅगनमूर्ती करायच्या, लहान मुलांना उपास करवून नाचवायचं, आणि खणलेल्या उथळ डबक्यात बेडूक सोडायचे. कुणी कुणाकडून घेतलं, या वादात मी पडत नाही. कोरडवाहू माणसाला आकाशाकडे बघून जे सुचतं, ते दोन्हीकडे सारखंच सुचलेलं दिसतं.

आता आपल्या वर्तमानपत्रांतला ड्रॅगन बघा. सीमेवर काही घडलं की मथळा येतो, ड्रॅगनची कुरापत, ड्रॅगनचा फुत्कार. सोबतच्या व्यंगचित्रात त्याच्या नाकपुड्यांतून आगीचे लोळ. हा प्राणी मुळात युरोपातला आहे. सोन्याच्या राशीवर बसलेला, राजकन्या पळवणारा, शेवटी कुण्या संताच्या किंवा सरदाराच्या भाल्यानं मरणारा. चिनी ड्रॅगनचा आगीशी संबंध नाही, त्याचं सगळं खातं पाण्याचं. नदी, ढग, विहीर, समुद्र, वीज. रशियाच्या सीमेवरची अमूर नदी चीनमध्ये काळ्या ड्रॅगनच्या नावानं वाहते. शेजाऱ्याला शिव्या द्यायच्या तर जरूर द्याव्यात, पण त्याच्या पाण्याच्या देवाच्या तोंडात आग कोंबून नव्हे.

हा ड्रॅगन किती जुना? १९८७ मध्ये हनान प्रांतात फूयांगजवळ एक कबर सापडली, सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची. मधे माणसाचा सांगाडा, एका अंगाला शिंपल्यांनी रचलेला वाघ, दुसऱ्या अंगाला शिंपल्यांनीच रचलेला ड्रॅगन, जवळजवळ माणसाएवढा लांब. नंतरच्या विद्वानांनी त्याला हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या असे नऊ प्राण्यांचे अवयव मोजून लावले. ही यादी वाचताना मला नेहमी वाटतं, हे कारकुनांचं काम आहे. डोहाकाठच्या माणसाला ड्रॅगनच्या अवयवांत रस नव्हता, तो कधी वर येतो आणि कधी खाली जातो यात होता. इ. स. १०० च्या सुमाराला तयार झालेल्या एका चिनी कोशात नेमकं तेवढंच महत्त्वाचं मानलं आहे: वसंतसंपाताला तो आकाशात चढतो, शरदसंपाताला खोल पाण्यात बुडी मारतो.

आणि हे आपल्यालाही बघता येतं. लिंबागणेश हे बीड तालुक्यातलं, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणारं, बालाघाटच्या माथ्यावरचं गाव. ज्येष्ठातल्या निरभ्र रात्री तिथल्या एखाद्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, तर चिनी ज्योतिषाचा निळा-हिरवा ड्रॅगन सबंध समोर दिसतो. आपल्या चित्रेचा तारा म्हणजे त्याचं शिंग. विशाखेजवळ त्याचं वक्ष, ज्येष्ठेचा तांबडा तारा म्हणजे त्याचं हृदय, आणि मूळ नक्षत्र, जिथे आपल्या वृश्चिकाची नांगी आहे, तिथेच त्याची शेपूट. साधारण आपल्या फाल्गुनात सूर्य मावळल्यावर पूर्वेला शिंग उगवायला लागतं. चीनमध्ये दुसऱ्या महिन्याची द्वितीया हा ड्रॅगननं डोकं वर काढण्याचा सण, तो यामुळेच. मोजण्याची रीत मात्र उलटी आहे. आपला शेतकरी पावसाचं नक्षत्र धरतो ते सूर्य ज्यात शिरला ते, म्हणजे त्या दिवसांत न दिसणारं. चिनी शेतकरी संध्याकाळी डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांवर चालायचा. म्हणून ऑक्टोबरात आपल्याकडे चित्रा लागली, आता ज्वारी पेरून घ्या, असं म्हणतात, तेव्हा तिकडच्या ड्रॅगनची शिंगं नुकतीच पाण्याखाली गेलेली असतात.

इथवरचा ड्रॅगन शेतकऱ्याचा आहे. त्याला वेळापत्रक आहे, काम आहे, आणि काम चुकलं तर बोलणीही आहेत.

राजांनी त्याला ताब्यात घेतलं ती हकिकत वेगळी. हान घराण्याचा संस्थापक लिऊ पांग हा मूळचा खेड्यातला, ना घराणं ना धड नाव. इतिहासकार सिमा छिएननं नोंदवलेल्या आख्यायिकेत त्याची आई तळ्याकाठी झोपली असताना विजा कडाडल्या, तिच्यावर ड्रॅगन दिसला, आणि मग लिऊ पांग जन्मला. गादीवर बसलेल्या कुणब्याला कुळी हवी होती, ती ड्रॅगननं पुरवली. नंतर नियम आले. १४व्या शतकात, मंगोल युआन घराण्याच्या अमलात, पाच नख्यांचा दोन शिंगी ड्रॅगन रयतेनं वापरायचा नाही असं ठरलं. पुढच्या घराण्यांनी वस्त्रांवरचे ड्रॅगन दर्जानुसार वाटले: पाच नख्या बादशहाच्या, चार नख्यांचा प्राणी सरदार-अधिकाऱ्यांचा, आणि त्या चार नख्यांवाल्याला ड्रॅगन म्हणायचंही नाही, अजगर म्हणायचं. एका नखीच्या फरकानं माणूस राजद्रोही ठरू शकत होता. १८८९ मध्ये हा ड्रॅगन पिवळ्या राष्ट्रध्वजावर चढला आणि १९१२ मध्ये बादशाहीबरोबर उतरला.

म्हणजे एकाच प्राण्याचे दोन जन्म झाले. एक खेड्यातल्या देवळातला, ज्याला उन्हात बसवता येतं. दुसरा झग्यावरचा, ज्याचं चित्र काढायलाही परवानगी लागते. चिनी संस्कृतीचं प्रतीक म्हणून आज जगभर जो मिरवतो तो या दुसऱ्याचा वारसदार आहे, आणि ड्रॅगनवर लिहिणारे बहुतेक लोक या दोघांना एकच समजून चालतात. माझ्या मते प्रतीकाची ताकद त्याच्यापुढे किती माना झुकतात यावर ठरत नाही, त्याच्याशी किती भांडता येतं यावर ठरते. पहिला ड्रॅगन म्हणूनच जास्त जिवंत होता.

आपल्या नागाकडे या बाजूनं बघण्यासारखं आहे. पंचमीला नांगर धरायचा नाही, विळीवर चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, दिंडं उकडायची; आणि आदल्या दिवशी बायकांचा उपास असतो तो भावासाठी. नाग हा बाईचा भाऊ. वारुळाला जायचं ते माहेरच्या माणसाला भेटायला गेल्यासारखं. कहाणीतली चूकही शेतकऱ्याचीच आहे, त्याच्या नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं मरतात, आणि तोड काढते ती घरातली लेक. या सगळ्या व्यवहारात राजा कुठेच नाही. ज्याच्याशी रुसता येतं, ज्याला लाह्या-दूध दिलं की ज्याच्यावर हक्क सांगता येतो, असं नातं आहे हे.

राजांनी नाग वापरलाच नाही असं मात्र नाही. शिंद्यांच्या निशाणावर सूर्य आहे आणि नागही आहेत. झोपलेल्या मुलावर नागानं फणा धरल्याची आख्यायिका त्या घराण्यात आहे, लिऊ पांगच्या आईच्या गोष्टीची दूरची बहीणच म्हणायची. पण ग्वाल्हेरच्या दरबारानं पंचमीला कुणी किती फण्यांचा नाग काढावा याचं फर्मान काढलं नाही. भिंतीवर हळद-चंदनानं नाग काढणाऱ्या बाईला फणे मोजावे लागले नाहीत.

आणि मग गणपती. लिंबागणेशचं दैवत भालचंद्र आहे, कपाळी चंद्र धरलेला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: मोदक खाऊन गणपती उंदरावरून निघाला, आडवा साप बघून उंदीर बुजला, स्वारी खाली, पोट फुटलं, मोदक सांडले. त्यानं तोच साप उचलून पोटाला आवळला. वरून चंद्र हसला, शाप मिळाला, मग उःशाप, मग कपाळावर जागा. चीनच्या बादशहानं ज्या जातीचा प्राणी छातीवर, पाठीवर, खांद्यांवर सोन्याच्या जरीनं भरून घेतला, तो इथे कमरेचा करगोटा झाला आहे. आणि तो ज्यानं बांधला त्या देवालाच लोक हसले, निदान चंद्र तरी हसला. हसणाऱ्याला शिक्षा झाली हे खरं, पण गोष्ट सांगणाऱ्यांनी हसण्याचा प्रसंग गाळला नाही, उलट त्यावरच सगळी गोष्ट उभी केली.

दोन्ही मुलखांची गाठही पडलेली आहे, आणि ती मराठवाड्याच्या अगदी उंबऱ्यावर. अजिंठ्याला १६व्या लेण्याच्या पायऱ्यांजवळ नागराज बसलेला आहे. १९व्या लेण्यापाशी तो राणीसह आहे, डोक्यामागे फण्यांचं छत्र, आसन ऐसपैस. बौद्ध ग्रंथांबरोबर हे पाणी राखणारे नागराज चीनमध्ये गेले आणि तिथल्या जुन्या ड्रॅगनला त्यांनी राजपद दिलं. चार समुद्रांचे चार ड्रॅगनराजे, त्यांचे महाल, दरबार, मुली, रत्नं, यातलं बरंच त्या वाटेनं आलेलं आहे. चिनी बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग ६४१ च्या सुमाराला महाराष्ट्रात येऊन पुलकेशीचं राज्य बघून गेला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला परतला. ९०० वर्षांनी त्याच्या प्रवासावर जी अद्भुत कादंबरी रचली गेली, त्या 'पश्चिमेच्या प्रवासा'त माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात मोलाचं प्रकरण आहे.

जिंग नदीच्या ड्रॅगनराजाला कळतं की शहरात एक ज्योतिषी अचूक भाकितं करतो. तो वेष पालटून जातो आणि उद्याच्या पावसावर पैज लावतो. ज्योतिषी वेळ सांगतो आणि पाऊस किती पडेल तेही सांगतो, थेंबांपर्यंत. ड्रॅगन मनात हसतो, कारण पाऊस पाडणारा तर तोच. घरी येतो तर स्वर्गातून हुकूम आलेला: ज्योतिष्यानं सांगितला तोच आकडा. आता पैज हरायची नाही म्हणून तो वेळ पुढेमागे करतो आणि तीन इंच आठ थेंब पाऊस हातचा राखतो. एवढ्यासाठी त्याला मृत्युदंड होतो, आणि त्याचं मुंडकं उडवतो तो थांग दरबारातला एक मंत्री, डुलकी लागलेली असताना, स्वप्नात. बादशहानं ड्रॅगनला वाचवायचा शब्द दिलेला असतो. तो पाळता येत नाही, आणि भूत होऊन ड्रॅगन जाब विचारायला राजवाड्यात येतो. सोनेरी झगा घातलेल्या ड्रॅगनपुढे मुंडकं हातात धरलेला ड्रॅगन उभा. पाऊस चोरणाऱ्याला माफी नाही, मग तो राजा का असेना, हा न्याय त्या लेखकाला खेड्यातून मिळाला असणार.

यावर कुणी म्हणेल की बादशहाही उत्तरदायी होताच की. होता. १८३२ च्या अवर्षणात दाओग्वांग बादशहानं स्वर्गाला उद्देशून जी प्रार्थना लिहिली ती प्रसिद्ध आहे. पूजेत माझं चित्त ढळलं का, उधळपट्टी झाली का, नालायकांना पदं दिली का, गरिबांवर अन्याय होऊ दिला का, असे प्रश्न त्यानं स्वतःलाच विचारले आहेत. वाचताना माणूस हलतो. पण तो हिशेब वर दिलेला आहे, स्वर्गाला. ज्यांची पिकं गेली त्यांना त्यातला एकही प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता. त्यांच्या हातात होता फक्त देवळातला मातीचा ड्रॅगन, आणि त्याला त्यांनी उन्हात बसवला.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. ही सगळी अंधश्रद्धा नाही का? बेडकं बांधून आणि पिंड बुडवून पाऊस पडत नाही. बंधारे, गाळ काढणं, पीकपद्धती, ऊस किती लावायचा, यावर बोला. यातल्या एकाही शब्दाशी माझं भांडण नाही. ज्या जिल्ह्यातून दर हंगामात कोयते घेऊन बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात, तिथे धोंडीचं कौतुक करत बसणं हे शहरातल्या पंख्याखालचं सुख आहे. पण त्या विधीत दोन गोष्टी एकत्र होत्या, पावसाविषयीचं चुकीचं ज्ञान आणि सत्तेविषयीची पक्की समज. चुकीचं ज्ञान गेलं ते बरं झालं. त्याच्याबरोबर समजही टाकून द्यायची का, हा प्रश्न उरतो.

ती समज सगळी गेलेली नाही. जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून आम्ही पेरलं, पाऊस गडप झाला, बियाणं-खताचा पैसा मातीत गेला, आणि हा अंदाज कंपन्यांशी संगनमत करून दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. संगनमताचा आरोप मला पटत नाही. मोसमी पावसाचा अंदाज सबंध देशासाठी किंवा मोठ्या पट्ट्यासाठी असतो, तो एका शिवाराला लागू करता येत नाही. देशभर या बातमीची थट्टा झाली. वेधशाळेवर फौजदारी म्हणजे काय! थट्टा करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. अंदाज देणारं खातं, त्यावर पेरायला सांगणारी यंत्रणा, बियाणं विकणारा दुकानदार आणि नुकसान सोसणारा शेतकरी, यांच्यात तोटा झाला तर तो कुणी भरायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते जिथे लिहून घेतात तिथे गेले, ठाण्यात. मूर्ती उचलून माळावर ठेवण्याचीच ही रीत आहे, फक्त इथे कागदावर तारीख आणि सही असते. लिंबागणेशचं नावही बीडच्या वर्तमानपत्रांत अनेकदा आंदोलनांच्या बातम्यांतून येतं; देवाला जाब विचारायची सवय असलेल्या मुलखात तहसीलदाराला विचारणं काही अवघड नाही.

पावसाचं खातं आता विमानांकडे आणि रॉकेटांकडे गेलं आहे. २०१५ मध्ये औरंगाबादेत रडार बसवून मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. चीन यात खूप पुढे आहे. २००८ च्या ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाला मैदानावर पाऊस येऊ नये म्हणून बीजिंगभोवती ढगांवर हजारावर रॉकेटं सोडण्यात आली. पाऊस पाडायचा आणि थांबवायचा, दोन्ही कामं सरकारकडे. मग ड्रॅगनकडे उरलं काय? अस्मिता. सगळे चिनी ड्रॅगनचे वंशज, ही आज सनातन वाटणारी कल्पना लोकप्रिय झाली ती एका गाण्यामुळे, १९७८ मध्ये तैवानमधल्या हौ दजिएन या तरुणानं अमेरिकेनं बीजिंगला मान्यता दिल्याच्या बातमीनंतर लिहिलेल्या. ड्रॅगन आता रक्तात गेला, आणि रक्तातल्या गोष्टीला उन्हात ठेवता येत नाही. याच हौ दजिएननं जून १९८९ मध्ये तिएनआनमेन चौकात उपोषण केलं. पुढच्या वर्षी सरकारनं त्याची तैवानला पाठवणी केली. या वेळी रदबदली करायला कुणी गुडघे टेकल्याचं ऐकिवात नाही.

झग्यावरच्या ड्रॅगनची कथा अशी. खेड्यातल्याची अजून संपलेली नाही. शेन्शी प्रांताच्या उत्तरेला, यूलिनजवळ, लोंगवांगकोऊ इथे काळ्या ड्रॅगनराजाचं देऊळ आहे. सांस्कृतिक क्रांतीत ते पाडलं गेलं. १९८०च्या दशकात आसपासच्या गावांनी वर्गणी काढून पुन्हा उभारलं. तो सगळा मुलूख कोरडा, पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा, आपल्या बालाघाटासारखाच पावसाच्या मर्जीवरचा. लोक तिथे कौल लावतात, नवस बोलतात आणि काम झालं की फेडतात. नाही झालं तर न फेडता दुसऱ्या देवाकडे जातात, त्यात पापबिप काही नाही. देवळाची कमाई मोठी आहे, आणि विश्वस्तांनी त्यातून शाळा काढली आणि उघड्या टेकड्यांवर झाडं लावून एक वनस्पती उद्यान उभं केलं. सरकारी दफ्तरी देवळाला मान्यता मिळवताना ते उद्यान उपयोगी पडलं, हे विश्वस्तांना चांगलं ठाऊक होतं, ड्रॅगनलाही असावं.